गावाच्या पूर्वेला : हवेच्या कायद्यांचा इतिहास आणि आपली वस्ती

दर हिवाळ्यात मुंबई-दिल्लीच्या हवेची चर्चा सुरू झाली की एक वाक्य हमखास कानावर येते : "हवा जात बघत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते." टीव्हीवरचे तज्ज्ञ ते बोलतात, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरते. वाईट याचे वाटते की आपल्या चळवळीतले शिकलेले तरुणही त्यावर माना डोलावतात. त्यांना वाटते, पाण्याचा प्रश्न आपला, जमिनीचा आपला, आरक्षणाचा आपला. हवेचा प्रश्न मात्र घरात एअर प्युरिफायर लावणाऱ्यांचा.

मित्रांनो, घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारा, गावात महारवाडा कोणत्या दिशेला होता? पुष्कळ गावांतून एकच उत्तर मिळेल : पूर्वेला. कारणही ते सांगतील. आपल्याकडे वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. अस्पृश्यांच्या अंगावरून गेलेला वारा गावावर येऊ नये, गावावरून आलेला मात्र त्यांच्या अंगावर खुशाल जावा, असा तो हिशेब. पाणी अडवता येते, त्यावर पहारा बसवता येतो. हवा अडवता येत नाही. म्हणून या व्यवस्थेने हवेच्या हिशेबाने माणसेच बसवली.

तेव्हा हवा जात बघत नाही हे खरे असेल, पण हवेच्या वाटेवर कोणाची वस्ती ठेवायची हे ठरवणारे जात बघतात. या लेखात मला इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत सरकारी खात्यांनी हवेचे नियमन कसे केले, हे मुंबईच्या उदाहरणातून मांडायचे आहे. माझा मुद्दा एकच आहे. सरकारने धूर मोजला, धूळ मोजली, वायू मोजले. पण ते कोणाच्या छातीत जातात याची नोंद कधी ठेवली नाही. आणि एक काळ तर असा होता, की कोणी किती विष घ्यायचे याचे तीन दर्जे सरकारने स्वतः छापून ठेवले होते.

समुद्राच्या वाऱ्यासाठी रस्ते

भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम २७८ प्रमाणे हवा आरोग्याला अपायकारक करणे हा गुन्हा होता आणि शिक्षा होती जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. हवेबद्दलची सरकारी काळजी बराच काळ एवढीच होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि साहेब घाबरला. कोंदट, दूषित हवेतून रोग होतो हा समज तेव्हाच्या अधिकाऱ्यांत अजून पक्का होता. म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडून शहरात हवा आणि उजेड आणायचा, हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते याच विचाराने काढले, की पश्चिमेच्या समुद्रावरचा वारा थेट शहराच्या पोटात शिरावा. वारा शिरला, पण ज्यांची घरे त्या वाऱ्याच्या वाटेत होती ते रस्त्यावर आले. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने घरे पाडली भराभर आणि बांधली सावकाश. उठवलेली गरीब माणसे जवळच्याच दुसऱ्या चाळींत गेली आणि तिथली दाटी वाढली. पुढे ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्याच बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली, अभ्यास केला, संसार केला. म्हणजे हवेसाठी शहर पाडणे आणि त्या पाडापाडीत गरीब माणूस हलवणे ही पद्धत आजची नाही. सव्वाशे वर्षांची आहे.

मग आला धूर. कलकत्त्यासाठी १९०५ चा आणि मुंबईसाठी १९१२ चा धूर उपद्रव कायदा. निरीक्षक चिमणीसमोर उभा राहायचा आणि धूर किती काळा आहे ते पाहायचा. काळेपणा ठरवायला रिंगलमन तक्ता नावाचा कागद असे. त्यावर फिकट ते गडद अशा चौकटी छापलेल्या. धुराचा रंग ज्या चौकटीशी जुळेल तो त्याचा क्रमांक. आपल्या देशातले हवेचे पहिले मोजमाप हे असे डोळ्यांनी केलेले होते. जे डोळ्यांना काळे दिसेल तेच प्रदूषण. रंग नसलेला वायू त्यात येत नव्हता, आणि गिरणीच्या भिंतीआडची धूळही येत नव्हती.

भिंतीच्या आतली हवा

त्या भिंतीआड आपली माणसे होती. गिरणीत सर्वात बरा पगार विणकाम खात्यात होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला कसा लागणार? म्हणून आपली माणसे रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला, की कामगारांच्या एकीची भाषा करता, मग विणकाम खाते आमच्यासाठी खुले करा असे का म्हणत नाही? १९३६ मध्ये जातिसंस्थेवर लिहिताना त्यांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवून दिला. त्यामागे गिरणगावातला हा अनुभवही होता.

आता याच गोष्टीकडे हवेच्या बाजूने पाहा. कापसाच्या धुळीने छाती भरून येणारा बिसिनोसिस नावाचा रोग आहे. रुई फोडणारी, पिंजणारी आणि सूत काढणारी खाती त्याची घरे. जातीने खाते ठरवले आणि खात्याने हवा ठरवली. सरकारची व्यवस्था मात्र अशी, की चिमणीतून बाहेर पडलेला धूर एका निरीक्षकाचा आणि भिंतीच्या आतली धूळ दुसऱ्याचा. १९४८ च्या कारखाना कायद्यात धूळ आणि वाफा बाहेर काढण्याचे कलम आले, ते कारखाना निरीक्षकाकडे. पुढे प्रदूषण मंडळ आले, त्याचा विषय बाहेरची हवा. ही वाटणी आजही तशीच आहे. कामगार दिवसा कारखान्यात आणि रात्री कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपडीत श्वास घेतो. खाती दोन असली तरी त्याची फुप्फुसे एकच आहेत, आणि त्या दोन्हींची बेरीज करणारे खाते देशात नाही.

शहराच्या पूर्वेला

स्वातंत्र्यानंतर मुंबईचे अवजड उद्योग कुठे गेले? ट्रॉम्बे, माहुल, चेंबूर. म्हणजे शहराच्या पूर्व कडेला. १९५४-५५ मध्ये तिथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, जे आज हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून ओळखले जातात. मग औष्णिक वीज केंद्र, मग साठच्या दशकात खत कारखाना. शेजारी देवनारचे डम्पिंग ग्राउंड तर १९२७ पासून आहेच. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले ते उगाच नाही.

कोणी म्हणेल, बंदर जवळ होते, जागा मोकळी होती, म्हणून कारखाने तिथे गेले; यात जात कुठे आली? ठीक आहे. कारखाने का आले हा वाद बाजूला ठेवू. माणसे तिथे का आली ते पाहू. १९७६ मध्ये, आणीबाणीत, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवली आणि हजारो लोकांना चिता कॅम्पमध्ये नेऊन टाकले. गोवंडीचे शिवाजीनगर सत्तरच्या दशकात वसले, शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांचे पुनर्वसन म्हणून, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी. आणि २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून तिथल्या कुटुंबांना माहुलला पाठवले. चाळीस वर्षांत सरकारे बदलली, पक्ष बदलले. उठवलेल्या माणसाला पाठवायची दिशा बदलली नाही.

या वस्त्यांत दलित, मुस्लीम, भटके-विमुक्त आणि कष्टकरी बहुजन राहतात हे तिथे एक फेरी मारली तरी कळते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व हा विभाग शहरात तळाला होता, तो हाच. गावाच्या पूर्वेचा महारवाडा सोडून आपण शहरात आलो. शहरानेही आपल्याला पूर्वेलाच जागा दिली.

या हवेचे परिणाम कोणाला माहीत नव्हते असेही नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग यांतल्या लोकांच्या तपासण्या करून तुलना केली. प्रदूषित भागांत श्वसनाचे विकार अधिक, हे तेव्हाच नोंदले गेले. माहिती होती, डॉक्टर होते, सरकारी रुग्णालय होते. नव्हती ती फक्त या माहितीवरून वस्ती वाचवण्याची इच्छा.

मंडळ आले, कायदा आला

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली. १९७४ मध्ये केंद्राचा पाण्याचा कायदा आणि केंद्रीय मंडळ आले. हवेचा कायदा त्यानंतर सात वर्षांनी, १९८१ मध्ये.

या कायद्याचे यंत्र समजून घ्या, कारण आपल्याला त्याच्याशी लढायचे आहे. केंद्रीय मंडळ हवेची मानके ठरवते. राज्य सरकार एखादा प्रदेश हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करते. त्या क्षेत्रात कारखाना उभारायचा किंवा चालवायचा तर राज्य मंडळाची संमती लागते आणि संमतीपत्रात अटी असतात : चिमणी किती उंच, त्यातून काय आणि किती सोडायचे, कोणती यंत्रे बसवायची. मंडळाचा अधिकारी आत शिरून नमुने घेऊ शकतो.

कागदावर हे सगळे चांगले आहे. पण मूळ कायद्यात एक मेख होती. कारखान्यावर खटला भरायचा तर तक्रार मंडळाची किंवा मंडळाच्या मंजुरीची हवी. ज्याच्या नाकात वायू गेला त्याला थेट न्यायालयाचा दरवाजा बंद.

मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आली. भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. हजारो माणसे मेली. कारखान्याच्या दारासमोरची जयप्रकाशनगरची झोपडपट्टी आणि आसपासचे गरीब मोहल्ले आधी पडले. त्यानंतर सरकारला जाग आली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये हवेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मंडळाला कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज-पाणी तोडण्याचे अधिकार मिळाले, शिक्षा वाढली, आणि ६० दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला न्यायालयात जाण्याची वाट मोकळी झाली. आपल्या लोकांना तक्रारीचा हक्क मिळाला, पण त्याची किंमत भोपाळच्या गरिबांनी मोजली.

हवेचे तीन वर्ण

आता या लेखातल्या सर्वात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. तिच्याबद्दल आपल्या सभांमधून फार बोलले जात नाही.

१९८२ मध्ये केंद्रीय मंडळाने देशाच्या हवेची पहिली मानके काढली. १९९४ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. दोन्ही वेळा देशाच्या जमिनीचे तीन भाग केले. औद्योगिक क्षेत्र, निवासी आणि ग्रामीण क्षेत्र, आणि संवेदनशील क्षेत्र. प्रत्येकाला वेगळी मर्यादा. १९९४ च्या मानकांत हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीची वार्षिक मर्यादा अशी होती : औद्योगिक क्षेत्रात एका घनमीटरला ३६० मायक्रोग्रॅम, निवासी क्षेत्रात १४०, संवेदनशील क्षेत्रात ७०. सल्फर डायऑक्साइडची अनुक्रमे ८०, ६० आणि १५.

नीट वाचा. कारखान्यांच्या भागात राहणाऱ्या माणसाने संवेदनशील भागापेक्षा पाचपट धूळ आणि पाचपटीहून जास्त सल्फर डायऑक्साइड घ्यावा, ही सरकारची कायदेशीर परवानगी होती. संवेदनशील म्हणजे काय? थंड हवेची ठिकाणे, अभयारण्ये, पर्यटनस्थळे, ऐतिहासिक स्मारके. औद्योगिक क्षेत्रात माणसे राहत नव्हती काय? राहत होती. झोपड्यांत, कामगार वसाहतींत, कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून. पण त्यांची फुप्फुसे 'संवेदनशील' या शब्दात बसत नव्हती.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू नये म्हणून आग्रा परिसरातल्या २९२ उद्योगांना कोळसा सोडा, गॅसवर या, नाहीतर स्थलांतर करा असा आदेश दिला. न्यायालयाने कामगारांच्या हक्कांचाही त्यात विचार केला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ताजमहाल वाचलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. वाद एवढाच आहे की दगडाला जी हवा सोसत नाही ती माणसाला सोसते, हे ठरवले कोणी?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. वर एक, त्याखाली एक, त्याखाली आणखी एक, आणि प्रत्येकाचा दर्जा ठरलेला. या मानकांचा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तोच शब्द आठवला. तक्ता करणारे शास्त्रज्ञ मनुस्मृती उघडून बसले नव्हते, हे मान्य. त्यांचा युक्तिवाद व्यवहाराचा होता, कारखान्यांच्या भागात हवा तेवढी स्वच्छ ठेवणे परवडणार नाही. पण न परवडणारी गोष्ट नेहमी कोणाच्या अंगावर टाकली जाते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये मानके पुन्हा बदलली. औद्योगिक आणि निवासी हा भेद काढून टाकला आणि बारा प्रदूषकांच्या मर्यादा ठरवल्या. पीएम २.५ म्हणजे छातीत खोल जाणारी अतिसूक्ष्म धूळ; तिची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम झाली, सगळ्यांना एकच. हा विजय आहे आणि तो विजय म्हणून सांगितला पाहिजे. सत्तावीस वर्षांनी कायद्याने मान्य केले, की कारखान्याशेजारचा माणूस आणि बंगल्यातला माणूस यांची छाती सारखी आहे. प्रश्न उरला तो अंमलाचा.

माहुल : सगळी खाती एका जागी

माहुल हे मूळचे कोळीवाड्याचे गाव. दोन तेल कारखाने, खत कारखाना, रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या, सगळे उशाला. याच ठिकाणी प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या, १७ हजारांहून अधिक घरे. म्हणजे सरकारच्या एका हाताला माहीत होते की हवा विषारी आहे आणि दुसरा हात तिथेच किल्ल्या वाटत होता.

२०१३ मध्ये केईएमने माहुल-आंबापाडा भागात पाहणी केली. तपासलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. गावकरी हरित न्यायाधिकरणात गेले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने म्हटले, की इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका दिसतो आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २०१७ मध्ये, तानसाच्या विस्थापितांना तिथेच पाठवले गेले! २०१८ च्या अखेरीस माहुलचे लोक विद्याविहारला रस्त्याच्या कडेला येऊन बसले. फुटपाथ बरा, पण ती घरे नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की यापुढे कोणालाही माहुलला पाठवू नका आणि या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे व ४५ हजार अनामत द्या. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठरवली.

हे सगळे कोणामुळे झाले? कोळी गावकऱ्यांमुळे आणि विस्थापित बायाबापड्यांमुळे. हे प्रदूषण मंडळाने स्वतःहून केलेले नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक, एक्यूआय, केंद्राने २०१५ पासून सुरू केला. तो आठ प्रदूषकांवरून काढतात : दोन प्रकारची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. माहुलच्या टाक्यांतून उडणारे बेन्झीन, टोल्युइनसारखे बाष्पशील वायू त्यात नाहीत. बेन्झीन २००९ च्या बारांच्या यादीत आहे, निर्देशांकात नाही. टोल्युइनला तर त्या यादीतही जागा नाही. म्हणून माहुलमध्ये बाई उलट्या करत असेल आणि त्याच क्षणी मोबाइल 'समाधानकारक' दाखवत असेल, असे होऊ शकते. रिंगलमन तक्त्याच्या काळात रंग नसलेला वायू कायद्याला दिसत नव्हता. आज यंत्र बदलले, पण जे त्याच्या यादीत नाही ते त्यालाही दिसत नाही.

पैसा धुळीवर, झाडू कोणाच्या हातात?

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. त्यात देशातली अनेक शहरे घेतली. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या खर्चाचा आढावा घेतला. सुमारे ६४ टक्के पैसा रस्त्यावरची धूळ दाबण्यावर गेला. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्कासुद्धा नाही. रस्ते धुणे, यंत्रझाडू, पाण्याचे फवारे यांत ठेकेदार खूश, आणि कारखान्याच्या मालकाला कोणी विचारत नाही.

आणि ही धूळ रोज पहाटे हाताने कोण झाडते? कोणत्या समाजाची माणसे, कोणत्या ठेक्यावर, कोणता मास्क लावून? हवा शुद्धीच्या योजनेत रस्त्याच्या धुळीचे टन मोजले जातात, झाडणाऱ्याची छाती मोजली जात नाही. दिल्लीत हवा बिघडली की बांधकामे थांबतात आणि नाक्यावरच्या मजुराची रोजी जाते. त्याला निर्वाह भत्ता द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावून सांगावे लागले.

दुसरीकडे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या कायद्यातल्या अनेक गुन्ह्यांची कैद काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. भोपाळनंतर वाढलेली शिक्षा अशी परत खाली आली. आता सांगा, १५ लाख ही रक्कम मोठ्या तेल कंपनीला शिक्षा वाटेल की खर्चाची एक ओळ?

मग आपण काय करायचे?

"दलितांनी आता पर्यावरणही जातीचे करायचे का?" असे काही जण विचारतील. त्यांना अमेरिकेचे उदाहरण द्या. १९८२ मध्ये, आपल्याकडे तीन दर्जांची मानके निघाली त्याच वर्षी, नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत काळ्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आडवे झाले, शेकडो पकडले गेले. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने अहवाल काढून आकड्यांनी दाखवले, की घातक कचऱ्याच्या जागा ठरण्यात वंश हा सर्वात ठळक घटक आहे. त्यामुळे १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना आदेश काढावा लागला, की सरकारी खात्यांनी आपल्या निर्णयाचा बोजा अल्पसंख्याकांवर आणि गरिबांवर जास्त पडतो का ते तपासावे. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला, म्हणजे मिळालेला हक्क राखावाही लागतो. ज्या काळ्या समाजाच्या लढ्याबद्दल बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिले, त्यांनी हा प्रश्न आपल्या आधी हाती घेतला.

आपल्याकडे असा आकडाच नाही. कोणत्या कारखान्याभोवती कोणत्या समाजाची किती घरे आहेत, कोणते हवा मापन यंत्र कोणत्या वस्तीपासून किती दूर आहे, हे एकत्र करून पाहणारे सरकारी खाते नाही. म्हणून पहिली मागणी हीच हवी : जनगणनेची जातवार माहिती, आरोग्य केंद्रांच्या नोंदी आणि प्रदूषणाचे आकडे एकमेकांशेजारी ठेवा.

दुसरे, आपण स्वतः काम सुरू करू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे त्याच्या संकेतस्थळावर असतात, नाहीतर माहिती अधिकारात मागा. आपल्या वस्तीशेजारच्या कारखान्याच्या अटी वाचा, विहारात वाचून दाखवा. कोणत्या दिवशी वास आला, किती मुले आजारी पडली, कोणत्या दवाखान्यात नेले, याची वही ठेवा. हरित न्यायाधिकरणात नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. तिथे ती वही पुरावा ठरते. माहुलचे लोक असेच जिंकले.

तिसरे, पुनर्वसनाची प्रत्येक यादी निघेल तेव्हा घराचे चौरस फूट विचारतो तसे हवेचे आकडे विचारा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितले आहे, की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा हक्क झोपडी पाडली म्हणून संपत नाही आणि नव्या घराची किल्ली दिली म्हणून फिटत नाही.

महाडला २० मार्च १९२७ ला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, ते तहान लागली म्हणून नाही. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी प्यायलो. तेव्हा तळे तरी समोर दिसत होते आणि अडवणारेही दिसत होते. आज अडवणारा संमतीपत्रात, मानकांच्या तक्त्यात आणि पुनर्वसनाच्या यादीत बसलेला आहे. ते कागद वाचायला शिका. गावाच्या पूर्वेला बसवलेल्या माणसाने पश्चिमेच्या वाऱ्याचा हिशेब मागायची वेळ आली आहे.

जय भीम!